लिनक्सवर जायचंय, पण पंधरा वर्षांच्या फायली श्रीलिपीत आहेत

पत्राचा सारांश : तालुक्याच्या गावी झेरॉक्स, टायपिंग आणि डीटीपीचं दुकान चालवणाऱ्या एका वाचक बाईंचं हे पत्र आहे. दुकानात तीन संगणक आहेत. तिन्ही इंटेलच्या चौथ्या पिढीचे आय-थ्री, ४ जीबी रॅम आणि साध्या हार्ड डिस्कचे. पहिल्यावर पानं जुळवायचं पेजमेकर, पत्रिका-चित्रं करायचं कोरलड्रॉ आणि डोंगल (परवान्याची यूएसबी कळ) लावून चालणारी श्रीलिपी, म्हणजे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर. दुसऱ्यावर वर्डमधली प्रतिज्ञापत्रं, अर्ज, बायोडाटा. तिसऱ्यावर ऑनलाइन फॉर्म, दाखले, डिजिटल सहीचं टोकन आणि अंगठ्याचं यंत्र. तिन्हींवर विंडोज १० आहे. त्यातल्या दोघांवर ते संगणक जोडून देणाऱ्यानंच टाकून दिलं, त्याची पावती नाही. संगणक जुने झालेत, फार हळू चालतात, आणि विंडोज ११ त्यांच्यावर चढत नाही. पुण्यात नोकरी करणारा पुतण्या म्हणतो, "काकू, तिन्हींवर विंडोज काढून लिनक्स ही सिस्टीम टाकतो. फुकट आहे, व्हायरसही येत नाही." गावातला हार्डवेअरवाला म्हणतो, "तिन्ही नवे घ्या." टायपिंग करणारी मुलगी म्हणते, "कीबोर्ड बदलला तर माझा स्पीड जाईल." बाई विचारतात : पुतण्याचं ऐकू, की कर्ज काढून नवे संगणक घेऊ?

नमस्कार,

पुतण्या आणि हार्डवेअरवाला, दोघांनीही तिन्ही संगणकांचा निकाल एकदम लावलाय. पण तुमच्याच पत्रावरून दिसतं की हे तिन्ही संगणक तीन वेगळी कामं करतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. दुसरा संगणक निर्धास्तपणे लिनक्सवर न्या. पहिला आहे तसा ठेवा, पण त्याची इंटरनेटची वायर काढा. तिसऱ्याच्या जागी मात्र विंडोज ११ चालणारा संगणक घ्यावा लागेल. तो नवाकोरा असायची गरज नाही. म्हणजे खर्च एका संगणकाचा, तिन्हींचा नाही. असं का, ते आता सविस्तर सांगते. त्यात एक गोष्ट अशी आहे जी पुतण्याच्याही लक्षात आलेली दिसत नाही : तुम्हाला बांधून ठेवलंय ते विंडोजनं नाही, जुन्या फॉन्टमधल्या मजकुरानं. तो मोकळा केल्याशिवाय कुठल्याही सिस्टीमवर गेलात तरी अडकणार आहात.

आधी मुदतीबद्दल. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला. संगणक बंद पडत नाहीत, फायलीही कुठे जात नाहीत. संपलं ते सुरक्षेच्या भोकांना दर महिन्याला मिळणारं ठिगळ. मायक्रोसॉफ्टनं घरगुती ग्राहकांना आणखी एका वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची वाढीव मुदत दिली. ती घेण्यासाठी विंडोज १०ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्ज खात्याशी सिंक केल्या तर ती फुकट मिळते, नाहीतर ३० डॉलर किंवा तेवढे रुपये भरून. व्यवसायांसाठी वेगळी, पैसे भरून घ्यायची योजना आहे. तेव्हा तुमचा परवाना कशात बसतो ते नोंदणीआधी वाचून घ्या. आणि "विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर तर अजून अपडेट होतोय" यावर विसंबू नका. ओळखीच्या व्हायरसची यादी त्याला २०२८पर्यंत मिळत राहील, पण सिस्टीमला पडलेलं भोक त्यानं बुजत नाही.

रुफससारखं साधन वापरून विंडोज ११ बसवताना होणारी संगणकाची तपासणी चुकवता येते, हेही कुणीतरी तुम्हाला सुचवेलच. चौथ्या पिढीच्या संगणकावर ते चढतं आणि चालतंही. पण अधिकृत किमान अट आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) अशी आहे. ती न पाळणाऱ्या संगणकाला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती प्रत्येक वेळी हातानं चढवावी लागते. घरच्या संगणकावर करून बघायला हरकत नाही. ज्या संगणकावरून लोकांचे दाखले निघतात, तिथे हा उद्योग नको.

तुम्ही जाता जाता लिहिलेली एक गोष्ट मला १४ ऑक्टोबरपेक्षा जास्त गंभीर वाटते : पावती नसलेलं विंडोज. असं विंडोज बहुधा ॲक्टिव्हेटर नावाच्या छोट्या प्रोग्रामनं चालू केलेलं असतं. तो चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि तो प्रोग्राम आणखी काय काय करतो हे टाकून देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तुमच्या दुकानात दिवसभर लोकांची आधार कार्डं, बँकेची पासबुकं, जमिनीचे उतारे स्कॅन होतात. ही कागदपत्रं तुमच्या भरवशावर दिलेली असतात. सहीच्या टोकनाचा संगणक या दोघांपैकी असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून सुरुवात तिथूनच करा.

आता "संगणक जुने झाले, फार हळू चालतात" या तक्रारीकडे. त्याचं मुख्य कारण प्रोसेसर नाही, साधी हार्ड डिस्क आहे. त्याच संगणकात २.५ इंची साटा एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) घातली की चालू व्हायला लागणारी मिनिटं सेकंदांवर येतात. मग वर विंडोज असो की लिनक्स. २४० किंवा २५६ जीबीची पुरे. रॅम ८ जीबी करा. चौथ्या पिढीला डीडीआर-थ्री लागते; दुकानदारानं डीडीआर-फोर दिली तर तिची खाच वेगळ्या जागी असल्यानं ती बसणारच नाही, दाबून बसवू नका. लिनक्स जुन्या संगणकावर हलकं चालतं हे खरं, पण जुन्याच हार्ड डिस्कवर टाकलंत तर आठवड्याभरात निराश व्हाल आणि दोष लिनक्सला द्याल.

आता फॉन्ट. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमची पंधरा वर्षांची कमाई या फायलींमध्ये आहे.

श्रीलिपी, आयएसएम या दुसऱ्या टायपिंग सॉफ्टवेअरचे सुरेखसारखे फॉन्ट, कृतीदेव, शिवाजी या सगळ्यांत संगणकाच्या लेखी तुमचा मजकूर मराठी नसतोच. तिथे साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी चित्रं काढून दाखवतो. फॉन्ट काढला की उरते ती इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे तो मजकूर विंडोज, लिनक्स, मोबाइल, सरकारी संकेतस्थळ, कुठेही मराठीच राहतो. जुने टीटीएफ फॉन्ट लिनक्समध्ये टाकता येतात आणि जुनी फाइल बऱ्याचदा दिसतेही. पण श्रीलिपीचा आणि आयएसएमचा कीबोर्ड चालवणारा प्रोग्राम, त्याचा डोंगल, हे विंडोजपुरतं. कृतीदेवसाठी ऑल्ट दाबून आकडे टाइप करायची सवय असेल तर तीही लिनक्समध्ये चालत नाही. थोडक्यात, फाइल बघता येईल, दुरुस्त करता येणार नाही.

म्हणून युनिकोडमध्ये रूपांतर आधी करा, आणि ते विंडोजवर असतानाच करा. श्रीलिपी आणि आयएसएमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत रूपांतराची सोय असते. तुमच्या आवृत्तीत आहे का ते बघा. कुठल्या तरी अनोळखी संकेतस्थळावर लोकांची प्रतिज्ञापत्रं चिकटवून रूपांतर करू नका. त्यात नावं, पत्ते, आधार क्रमांक असतात. संगणकावरच चालणारं साधन वापरा.

रूपांतर कधीच शंभर टक्के नीट होत नाही, आणि ते कुठे चुकतं हे ठरलेलं आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमानं. 'मार्ग' या शब्दात जुना फॉन्ट रफार शेवटी, ग नंतर ठेवतो. युनिकोडमध्ये तो ग च्या आधी, र आणि पायमोडकं चिन्ह असा लिहिला जातो. पहिल्या वेलांटीचंही तेच : जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी, युनिकोडमध्ये नंतर. साधन कच्चं असेल तर रफार आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. दुसरी खोड 'ऱ्य'ची. 'दुसऱ्या'चं 'दुसर्‍या' झालं तर निदान दिसायला ठीक असतं. पण पुष्कळ साधनं त्याचा साधा रफार करून टाकतात आणि सगळीकडे 'दुसर्या' होतं. तिसरी 'ॲ'ची : 'ॲड.' लिहायचं तिथे हिंदी वळणाचा 'ऍ' येतो. चौथी सगळ्यात फसवी. मजकुरात मधेच एरिअलमध्ये टाइप केलेले इंग्रजी शब्द किंवा आकडे असले, आणि तुम्ही साध्या मजकुराचं रूपांतर केलंत, तर साधनाला ते इंग्रजी आहेत हे कळत नाही. त्यांचीही देवनागरी खिचडी होते. मोबाइल नंबर, गट नंबर, रकमा अशाच बिघडतात, आणि वाचताना पटकन लक्षात येत नाहीत. जिथे फॉन्ट पाहून रूपांतर करायची सोय आहे तिथे ती वापरा, नाहीतर इंग्रजी भाग आधी वेगळे काढा.

एक चाचणीपान करा : दुसऱ्या, मार्ग, कीर्ती, श्रीमती, राष्ट्र, ट्रॅक्टर, ज्ञानेश्वर, ॲड., ऑक्टोबर, 'क्र. ५/२०१९', एक मोबाइल नंबर, एक ईमेल, आणि अवतरणचिन्हांतला एखादा शब्द. हे तुमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करा आणि साधनातून काढा. जे चुकेल ते लिहून ठेवा. त्यातल्या बऱ्याच चुका मग 'शोधा आणि बदला' वापरून एकगठ्ठा सुधारता येतात.

पंधरा वर्षांचं सगळं मात्र रूपांतरित करू नका. दुकानात रोज लागतात ते नमुने निवडा : उत्पन्नाचं, नावातल्या बदलाचं, वारसाचं प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, संमतिपत्र, ग्रामपंचायतीचे अर्ज, बायोडाट्याचे साचे. एवढे स्वच्छ युनिकोडमध्ये, डोळ्यांखालून घालून, ओळीनं वाचून तयार करा. बाकीच्या जुन्या कामांच्या पीडीएफ काढा. या पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधता येणार नाहीत, कारण आतला मजकूर जुन्या फॉन्टचाच आहे; म्हणून फाइलच्या नावातच गिऱ्हाइकाचं आडनाव, काम आणि वर्ष घाला. पत्रिकांच्या कोरल फायली आहेत तशा राहू द्या.

तुमच्या टायपिंगवाल्या मुलीची भीती खरी आहे, आणि या सगळ्या बेतात तिचंच म्हणणं मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. दुकानाचं टायपिंग तिच्या बोटांवर चालतं. पण तिचा कीबोर्ड बदलावा लागेलच असं नाही. जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर हात बसलेला असेल तर युनिकोडमध्येही रेमिंग्टनची मांडणी मिळते, विंडोजवरही आणि लिनक्सवरही. काही जोडाक्षरांच्या कळा थोड्या इकडेतिकडे होतात, त्याची सवय व्हायला थोडे दिवस द्या. इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण मांडणी शिकायची तिची तयारी असेल तर उत्तमच, कारण ती मांडणी सगळीकडे एकसारखी आहे. फक्त नवा कीबोर्ड, नवा प्रोग्राम आणि नवी सिस्टीम या तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात तिच्यावर टाकू नका.

त्यासाठी सोपा क्रम असा. दुसऱ्या संगणकावर, विंडोज १० असतानाच, लिब्रेऑफिस (वर्डच्या जागी) आणि फायरफॉक्स (ब्राउझर) टाका. दोन्ही विंडोजवरही फुकट मिळतात आणि लिनक्सवर जशाच्या तशा भेटतात. महिनाभर सगळी प्रतिज्ञापत्रं लिब्रेऑफिस रायटरमध्ये, युनिकोडमध्ये करा. हा महिना नीट गेला की खालची सिस्टीम बदलली तरी तिला समोर तोच पडदा दिसेल.

लिब्रेऑफिसमध्ये एक सेटिंग पहिल्याच दिवशी करा. टूल्समध्ये ऑप्शन्स, त्यात भाषांच्या भागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून भाषा मराठी ठेवा. लिब्रेऑफिस इंग्रजीचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळे लक्षात ठेवतं. हे माहीत नसलं की "फॉन्ट बदलला पण अक्षर बदललं नाही", "आकार बारा केला पण मराठी लहानच राहिलं" अशी भांडणं होतात. शिवाय भाषा मराठी असली की नोटो देवनागरीसारखे फॉन्ट ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचे. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट छापील प्रतिज्ञापत्राला शोभतो.

आणि वर्डच्या जुन्या फायली उघडताना पानांकडे लक्ष द्या. विंडोजमधला मंगल फॉन्ट लिनक्समध्ये नसतो. त्याच्या जागी दुसरा आला की ओळींची उंची बदलते आणि एका लीगल कागदावर नेमकं बसणारं प्रतिज्ञापत्र दोन ओळींसाठी दुसऱ्या पानावर जातं. स्टॅम्प पेपरवर हे घडलं तर नुकसान गिऱ्हाइकाचं. म्हणून प्रत्येक नमुना नव्या फॉन्टमध्ये एकदा बसवून घ्या, कागदाचा आकार फाइलमध्येही आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्येही लीगल ठेवा, आणि कोऱ्या कागदावर छापून बघा.

आता लिनक्स कोणतं? लिनक्स मिंट. यावर इंटरनेटवर वाद घालणारे पुष्कळ भेटतील, तुम्ही त्यात पडू नका. मिंट २२ला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत आणि मांडणी विंडोजच्या जवळची आहे. ८ जीबी रॅम केलीत तर सिनॅमन आवृत्ती घ्या, ४ जीबीवरच राहायचं असेल तर एक्सएफसीई.

पुतण्याला गावी बोलवाल तेव्हा त्याला हे सांगा : जुन्या हार्ड डिस्कवर काही चढवायचं किंवा पुसायचं नाही. दोन्ही सिस्टीम एकाच डिस्कवर शेजारी शेजारी ठेवायचा मोह त्याला होईल. दुकानासाठी ते नको. त्याऐवजी आधी विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू राहिलं तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि नंतर ती डिस्क लिनक्समध्ये जोडली तर फायली फक्त वाचता येतात, लिहिता येत नाहीत. मग संगणक बंद करून, प्लग काढून, जुनी डिस्क सोडवा, तिच्या जागी नवी एसएसडी लावा आणि मिंट तिच्यावर चढवा. जुनी डिस्क तारखेची चिठ्ठी लावून कपाटात. ऐन गर्दीत काही अडलं, तर दोन वायरी बदलून जुना संगणक जसाच्या तसा परत उभा राहतो. 'डिस्क पुसा आणि बसवा' हा पर्याय निवडताना चुकीची डिस्क पुसली जाण्याचं भयही उरत नाही, कारण आत एकच डिस्क आहे.

तरीही बॅकअप वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर घ्याच. त्यात फक्त डी ड्राइव्ह नको. डेस्कटॉप, डाउनलोड्स, ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड, विंडोजच्या फोल्डरमधले फॉन्ट, कोरलचे साचेही हवेत. कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं धरू नका. वेगळ्या एखाद्या संगणकावर ती डिस्क लावून वेगवेगळ्या वर्षांच्या फायली उघडून बघा.

मिंटची फाइल साधारण ३ जीबीची असते. ती चढवण्यासाठी ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या, त्यावरचं सगळं पुसलं जातं. पेन ड्राइव्हवरून संगणक चालू करण्याची कळ कंपनीगणिक बदलते : डेल आणि लेनोव्होत बहुधा एफ १२, एचपीत एफ ९, आसूसच्या मदरबोर्डवर एफ ८, गिगाबाइटवर एफ १२. असा चालू केला की काहीही न बसवता मिंट समोर उघडतं. याच वेळी स्कॅनर लावून बघा, इंटरनेट बघा, आवाज बघा. वेगावरून मात्र मत बनवू नका, पेन ड्राइव्हवरून ते हळूच चालणार.

बसवून झाल्यावर आधी सगळे अपडेट, मग टाइमशिफ्ट चालू. टाइमशिफ्ट सिस्टीमची जुनी अवस्था जपून ठेवतं, अपडेटनं काही बिघडलं तर मागे जाता येतं. तुमच्या फायलींचा तो बॅकअप नव्हे. मराठीसाठी मेनूतल्या इनपुट मेथडमध्ये आयबस (भाषांचे कीबोर्ड चालवणारा प्रोग्राम) घ्या, एकदा लॉग आउट होऊन परत या, आणि आयबसच्या यादीत मराठीखाली इनस्क्रिप्ट किंवा रेमिंग्टन जोडा. भाषा बदलायला विंडोजचं चिन्ह असलेली कळ आणि स्पेस. इनस्क्रिप्टमध्ये 'दुसऱ्या'तला तो र शिफ्ट धरून जे ची कळ दाबल्यावर येतो. मग डी नं पाय मोडायचा, तिरप्या रेघेच्या कळीवर य, आणि ई वर काना. हे एकदा टायपिंगवाल्या मुलीच्या बोटांत बसलं की पुढचं सोपं आहे.

कधी जुनी डिस्क परत लावलीत आणि विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं, तर घाबरू नका. लिनक्स संगणकाच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज ती भारतीय वेळ समजतं. वेळ सिंक करा, कारण चुकीच्या वेळेवर सरकारी आणि बँकेची संकेतस्थळं उघडायला कुरकुर करतात.

प्रिंटरबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण खरी अडचण तिथे येते. एचपीचा लेझरजेट १०२० लिनक्सवर चालतो. मात्र त्याच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्राम) नसतं, प्रत्येक वेळी चालू केल्यावर संगणकानं ते पाठवावं लागतं. त्यासाठी एचपीएलआयपी हे एचपीचं लिनक्ससाठीचं सॉफ्टवेअर आणि त्याचा प्लगइन इंटरनेटवरून उतरवून बसवावा लागतो. हे राहिलं की प्रिंटर दिसतो पण कागद येत नाही. कॅननचा एलबीपी २९०० असेल तर लिनक्सवर त्याच्याशी झगडत बसू नका. त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर आहे, पण जुना आणि हट्टी आहे. विंडोजच्या संगणकाला जोडून नेटवर्कवर शेअर केला तरी लिनक्सच्या बाजूला ड्रायव्हर लागतोच. तो विंडोजलाच राहू द्या. लिनक्सवरून पीडीएफ सामायिक फोल्डरमध्ये टाका आणि तिकडून छापा. एप्सनच्या शाईच्या टाकीवाल्या प्रिंटरसाठी कंपनीचाच लिनक्स ड्रायव्हर मिळतो.

"व्हायरस येत नाही" हे पुतण्याचं वाक्य अर्धं बरोबर आहे. खोट्या संकेतस्थळावर ओटीपी दिला तर कुठलीच सिस्टीम वाचवणार नाही. पण तुमच्या धंद्यात लिनक्सचा एक फायदा मोठा आहे. गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह विंडोजमध्ये लावले की फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणारे व्हायरस पसरतात. लिनक्समध्ये ते शॉर्टकट चालत नाहीत, आणि व्हायरसनं लपवलेले खरे फोल्डर सरळ समोर दिसतात. म्हणून दुकानाचा नियम करा : बाहेरून आलेला प्रत्येक पेन ड्राइव्ह आणि व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत्येक फाइल आधी लिनक्सवर उघडायची, छापायची ती पीडीएफ करूनच पुढे द्यायची.

पहिल्या, डीटीपीच्या संगणकाचं काम त्यामुळे सोपं होतं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची आहे, युनिकोड मराठी त्यात चालत नाही, आणि कोरल लिनक्सवर येत नाही. लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये या दोन्हीच्या फायली उघडतात, पण मांडणी विस्कटते, आणि पत्रिकेत ती चालत नाही. तेव्हा तो संगणक विंडोज १०वरच ठेवा, नेटची वायर काढा, वायफाय असेल तर बंद करा, आणि त्याच्यासाठी एक पेन ड्राइव्ह राखून ठेवा जो बाहेर कुणालाच द्यायचा नाही. जोपर्यंत डोंगल आणि डिस्क साथ देतील तोपर्यंत चालवा. मधल्या काळात नवी साधी कामं, हँडबिलं, पावती पुस्तकं, स्क्रायबस या पानं जुळवायच्या फुकट प्रोग्रामच्या १.६ किंवा पुढच्या आवृत्तीत करून बघा. त्यात देवनागरी नीट जुळते आणि छापखान्याला लागणारी सीएमवायके (चार शायांची) पीडीएफही निघते. तुमचा ऑफसेटवाला पीडीएफ घेतो की कोरलचीच फाइल मागतो, हे त्याला आधीच विचारा.

वेळ निवडताना जूनमधली दाखल्यांची गर्दी आणि लग्नसराई टाळा. पितृपक्षात पत्रिकांचं काम नसतं, तो काळ चांगला.

तिसऱ्या संगणकावर मात्र लिनक्स नको, हे पुतण्याला स्पष्ट सांगा. सहीच्या टोकनाचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, पण टोकन दिसणं ही निम्मीच गोष्ट झाली. प्रत्येक पोर्टलचं सही करणारं सॉफ्टवेअर वेगळं, आणि अंगठ्याच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी बनतं. रांगेत माणसं उभी असताना तिथे प्रयोग परवडत नाहीत. कंपन्यांतून निघालेले आठव्या किंवा पुढच्या पिढीचे वापरलेले संगणक बाजारात मिळतात; त्यातला एक घ्या. पैसे द्यायच्या आधी तो दुकानातच चालू करून घ्या. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन खरंच झालेलं आहे का, आणि 'टीपीएम डॉट एमएससी' चालवल्यावर आवृत्ती २.० दिसते का, एवढं बघा. दिसत नसेल तर बायोसमध्ये इंटेल पीटीटी (इंटेलचं अंगभूत टीपीएम) बंद असण्याची शक्यता असते. ते चालू करून पुन्हा बघायला सांगा. बिलावर संगणकाचा सिरियल नंबर आणि विंडोजच्या परवान्याचा उल्लेख लिहून घ्या. टोकन आणि अंगठ्याचं यंत्र शक्य असेल तर सोबतच न्या आणि तिथेच लावून बघा.